आत्या सिनेमा ऐकते

आमच्या थोरल्या आत्याइतका सिनेमा ऐकलेलं माणूस सबंध सोलापुरात दुसरं सापडायचं नाही, आणि आत्याला तर कानाशी नगारा वाजवला तरी ऐकू येत नाही. हे वाक्य मी कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला म्हणालो असतो, तर प्राध्यापकांनी मला तासभर उभं केलं असतं. पण त्यांनी आत्याला पाहिलेलं नाही. माढ्याकडच्या आमच्या खेड्यातून ती ऐन विशीत, कपाळ मोकळं झाल्यावर, माझ्या वडिलांच्या मागोमाग इथं आली आणि गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात लागली. तिथं यंत्रांचा आवाज असा, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला नुसता वारा लागतो. म्हणून त्या खात्यातल्या सगळ्याच बायका ओठांवरून बोलणं ओळखतात आणि तोंडातून आवाज न काढता लांबच्या लांब सासवांची गाऱ्हाणी पोचवतात. आत्याचे कान दहा-बारा वर्षांत गेले. कधी गेले ते तिला नेमकं कळलंच नाही. एका सकाळी तिनं विचारलं, "आज भोंगा का न्हाय झाला?" आणि माझ्या आईनं भाकरी तशीच हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

पण आत्याला बहिरी म्हणायला माझी जीभ धजत नाही. तिला मराठी कळते, पेठेतल्या बागवानांची हिंदुस्थानी कळते आणि खात्यातल्या विणकर घरच्या बायकांची तेलुगूसुद्धा कळते. ती तेलुगू तिनं कान गेल्यावर, निव्वळ डोळ्यांनी शिकलेली आहे. तिच्याशी बोलायचं तर ती आधी बोलणाऱ्याची हनुवटी धरते आणि त्याचं तोंड उजेडाकडे फिरवते, मग तो पाहुणा असो की पोलीस. मिशीवाल्यांशी तिचं हाडवैर. माझ्या थोरल्या बहिणीला सांगून आलेलं एक चांगलं स्थळ तिनं पाच मिनिटांत परत पाठवलं. "पोरगा बरा हाय," ती म्हणाली, "पर बोलण्यावर छप्पर हाय त्येच्या. आत काय चाललंय कुणाला दिसावं?" आणि हे तिनं पाहुणे ओसरीवर असताना, तिच्या समजुतीनं कुजबुजत सांगितलं. आत्याची कुजबूज शुक्रवार पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुण्याहून जरा मिशी राखून आलो, तेव्हा तिनं मला घरात घेण्याआधी न्हाव्याकडे धाडलं. परत आल्यावर हनुवटी धरून म्हणाली, "हं. आता सांग, कालेजात काय शिकिवत्यात?"

या बाईला मूकपटाचं वेड लागलं नसतं तरच नवल. रविवारी गिरणी बंद, आणि दुपारचा खेळ आत्याचा. विधवा बाईनं एकटीनं सिनेमाला जावं हे गल्लीला रुचत नव्हतं, पण ती गल्लीकडे पाठ फिरवी, म्हणजे गल्ली काय म्हणते ते तिला ऐकूच येत नसे. मी लहान असताना ती मला सोबत नेई, म्हणून बायकांच्या जागेत, लाकडी कठड्याच्या पलीकडे, मी बराच सिनेमा पाहिला आहे. तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पडद्याजवळ एक माणूस उभा राहून पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवी. एका खेळात राजा राणीच्या मांडीवर प्राण सोडत होता. वाचणाऱ्यानं गहिवरून वाचलं, "प्रिये, आता आपली भेट स्वर्गातच!" आणि बायकांच्या जागेतून आत्याचा खणखणीत आवाज आला, "खोटं हाय. त्यो म्हणतोय, ऊन लई लागतंय, आटपा लवकर."

सगळं थिएटर आधी दचकलं आणि मग फुटलं. राजा मेला तो हशातच. पुढच्या खेपेला ऋषीनं शाप दिला, तर आत्या म्हणाली, "दाढी सुटली म्हणतोय." एका राणीबद्दल तिनं जाहीर केलं, की ही मडमेची जात आहे, हिचे ओठ आपल्या भाषेत हलतच नाहीत. शेवटी व्यवस्थापक चिडून कठड्यापाशी आला. "बाई, गप बसा, न्हायतर भाईर काढीन." आत्यानं त्याचे ओठ नीट पाहिले आणि म्हणाली, "आदी तुमच्या माणसाला खरं वाचाय सांगा की." मी लाजेनं तोंड तिच्या ओच्यात लपवलं होतं, हे मी आज लिहून ठेवतो. पण त्यापुढच्या रविवारी तिच्या खात्यातल्या झाडून सगळ्या बायका आल्या, पुरुषांच्या बाजूला कठड्याजवळची बाकं आधी भरली, आणि पाट्या वाचणारा माणूस प्रत्येक पाटीनंतर चोरून आमच्याकडे पाहू लागला. व्यवस्थापकानं पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

मग बोलपट आला. पुण्यात पहिला बोलपट पाहून मी इतका हरखलो, की घरी चार पानी पत्र लिहिलं. माणसं कशी बोलतात, पैंजण कसे वाजतात, सगळं. वडिलांनी ते आत्याला एकेक शब्द ओठांनी सांगितलं. गेल्या दिवाळीत घरी आलो तेव्हा कळलं, की आत्यानं सिनेमाला जाणं सोडलं आहे. रविवारी दुपारी ती उंबऱ्यात बसून उगाच डाळ निवडत होती. मी विचारलं, तर तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "आरं, तितं समदेच माझ्यावानी व्हते की. कुणालाच ऐकू येत नव्हतं. आता तितंबी मी एकलीच बहिरी."

चार पानं लिहिताना जे सुचलं नव्हतं, ते आता सुचून उपयोग नव्हता. दुसऱ्या रविवारी मी तिच्या मागे लागलो, विनवण्या केल्या. "एवढा कालेजवाला म्हणतोय तर चल," असं म्हणून ती निघाली, पण तिचा पाय उचलत नव्हता. आता मी मोठा झालेला. मी कठड्याच्या अलीकडे बसलो, ती पलीकडे, आणि तिच्या मागे तिच्या खात्यातल्या बायका.

पहिला अर्धा तास वाईट गेला. मूकपटातली माणसं सारखी आपल्याकडे तोंड करून असत. ही बोलकी माणसं खुशाल पाठ फिरवून, खिडकीबाहेर बघत बोलत होती. "बोलाय शिकले आन् तोंड दावायचं इसरले," आत्या म्हणाली. पुरुषांमधून दोघातिघांनी "शूः!" केलं. पूर्वी तिच्या बोलण्यावर कुणी तसं करत नसे. तिला ते ऐकू गेलं नाही, पण त्यांची वळलेली तोंडं दिसली. तिनं पदर सावरला आणि उठायची तयारी केली.

तेवढ्यात पडद्यामागचा कर्णा घरघरला आणि मुका झाला. चित्र चालूच होतं. बाप मुलाला काहीतरी निर्वाणीचं सांगत होता आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाकं बडवली. आत्या गोंधळून माझ्याकडे वळली. मी पडद्याच्या उजेडात तोंड धरून सांगितलं, की आवाज गेलाय.

"मग वरडत्यात कशाला? माणूस दिसतोय की!"

मागून एका बाईनं तिचा खांदा धरून स्वतःकडे वळवलं. "आक्का, म्या मागं बसलीया, मला दिसंना. काय म्हणतोय वो म्हातारा?"

आत्या पुन्हा पडद्याकडे वळली. "म्हणतोय, ह्या घरात तुजं काय ऱ्हायलं न्हाय. जा म्हणतोय. पोरगा म्हणतोय, जातो, पर आईला सांगू नका." हळूहळू बाकं बडवायची थांबली. चारपाचशे माणसं गप्प बसून आमच्या आत्याला ऐकत होती. मुलगा पाठमोरा झाला, तेव्हा ती म्हणाली, "आता मला ठावं न्हाय," आणि कुणी हसलं नाही. त्यांनी थांबून वाट पाहिली.

पाचएक मिनिटांनी कर्णा पुन्हा बोलू लागला. आत्याला काय कळणार? ती सांगतच राहिली. म्हातारा बोले, त्याच्यामागे क्षणभरानं आत्या तेच आपल्या बोलीत बोले, आणि शब्द जुळत होते. सगळं थिएटर तपासून पाहत होतं आणि शब्द जुळत होते. मी अभिमानानं फुगून गेलो होतो. आता कुणीतरी तिला सांगेल, पुन्हा "शूः" होईल, म्हणून मी भीत होतो. कुणी केलं नाही. मात्र तिलाच काहीतरी जाणवलं. लोक नुसते ऐकत नव्हते, मान डोलावत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. "आवाज आला व्हय रे?"

मी आत्याशी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो. तिच्यापुढे ते चालतही नाही. मी ओठ हलवून म्हटलं, "न्हाय." तिनं मागे वळून बायकांकडे पाहिलं, तर त्या सगळ्याही, एकीमागून एक, न्हाय न्हाय करून मुंड्या हलवत होत्या.

आत्या आमच्या तोंडांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग पदर नीट केला, पडद्याकडे वळली आणि म्हणाली, "म्हातारा आता रडाय लागलाय."