आईच्या गावच्या तळ्यात आज माती कालवली

मंडळी, आज आईला घेऊन दिंडोरीजवळच्या तिच्या माहेरी गेले होते. तळ्यावर पोचलो, तर दोघं जण होडीतून पाण्यात कालवलेली माती सोडत होते.

आई वैतागली. "आधीच पाणी हिरवंगार झालंय, त्यात आणि माती कशाला?"

सोबत आलेला मामा म्हणाला, "ही साधी माती नाय, ताई. पाण्यातला फॉस्फरस धरून ती तळाला बसते. मग शेवाळाला खायला उरत नाय."

"पण हे खाणं टाकलं कुणी?"

"आपणच की. द्राक्षबागांचं खत पावसात वाहून इथंच येतं. यंदा मी लागेल तेवढंच टाकलं."

आई पाण्याच्या काठाशी गेली. मग मला सांगू लागली. याच तळ्यात तिनं मामाला पोहायला शिकवलं होतं. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसायची. बुडायच्या भीतीनं मामा तिची वेणी सोडायचा नाही. हे ऐकताना साठीतला मामा चक्क लाजला.

निघताना त्यानं हळूच विचारलं, "पाणी निवळलं तर उतरशील का, ताई?"

"उतरेन. तुझ्या नातवंडांना घेऊन ये, त्यांनाही शिकवते."

तुम्ही पोहायला कुठे शिकलात? ते पाणी आज कसं आहे?