दोघांच्या नावाचा पत्ता

नवरा गेल्यावर वर्षभराने मी नोकरी शोधायला लागले. लग्नाआधी अकोल्यात बी.कॉम. केलं होतं. पुण्यात आल्यावर काही वर्षं एका सीएच्या ऑफिसात कामही केलं, पण नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं आणि ते काम सुटलं. आता अर्ज पाठवत होते आणि उत्तर कुणाचंच येत नव्हतं. शेवटी एका कंपनीत भरतीचं काम बघणाऱ्या मैत्रिणीला माझा बायोडेटा पाठवला.

"बाकी ठीक आहे," ती फोनवर म्हणाली, "पण आधी तो ईमेल आयडी बदल. लोक हसतात गं असल्या नावाला."

तो आयडी नवऱ्याने साखरपुड्यानंतर काढला होता. माझं माहेरचं लाडाचं नाव, त्याला चिकटून त्याचं घरातलं नाव आणि पुढे लग्नाचं साल. दोघांत मिळून एकच. बँक, गॅस, विमा, हॉस्पिटल, सगळीकडे तोच दिलेला होता. त्याला हसण्यासारखं काही असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

दुपारी नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी नवा आयडी काढायला बसले. समोर सासरे पेपर वाचत होते. मैत्रिणीने बजावलं होतं की नाव आणि आडनाव, बास. जन्मसाल नको, वय कळतं. आणि पुन्हा बदलावं लागेल असं तर काहीच नको. माझं नाव आणि सासरचं आडनाव कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं. उलटसुलट करून पाहिलं, मध्ये टिंब देऊन पाहिलं. मग माहेरचं आडनाव घातलं, तर लगेच मिळालं. माझा हात तिथेच थांबला.

"मिळालं का?" सासऱ्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"पदवीवर तेच आहे ना? मग तेच घे. टिकणारं हवंय तुला. आमचं काय टिकलं?"

मी बटण दाबलं.

त्यानंतर एकेका ठिकाणी जुना पत्ता बदलत गेले. हॉस्पिटलपाशी अडलं. तिथून दर महिन्याला नवऱ्याला तपासणीची आठवण करून देणारी मेल यायची, आणि माझ्या नव्या पत्त्यावर तसली मेल मला नको होती. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली की मेल बंद करायची विनंती पेशंटने स्वतः करायची असते. पेशंट गेलेत, तुमच्याकडेच गेले, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "सॉरी मॅडम. पण मग मृत्यूचा दाखला त्यांच्याच रजिस्टर्ड आयडीवरून पाठवा."

म्हणून दोघांच्या नावाच्या त्या पत्त्यावरून मी त्याच्या मृत्यूचा दाखला पाठवला. पाठवताना आमची दोघांची नावं वर दिसत होती, जणू तोही कळवतोय. लगेच उत्तर आलं. त्याचं नाव घेऊन आभार मानले होते, आणि प्रकृतीची काळजी घ्या असं लिहिलं होतं.

मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. का दाखवलं, कोण जाणे. एकटीला ते पेलत नव्हतं.

"चांगले लोक आहेत," ते म्हणाले. "मेल्यावरसुद्धा काळजी घेतात."

मग उठून ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मी बाहेर बसून राहिले. त्याच्या जाण्याबद्दल आम्ही दोघं त्या दिवसापर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो, आणि त्यानंतरही फारसं बोललो नाही.

पुढे विश्रांतवाडीत एका गोदामाच्या ऑफिसात मला अकाउंट्सचं काम मिळालं. मुलाखतीत आयडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त साहेबांनी माझे कागद बघून विचारलं की ही दोन आडनावं का. एक लग्नाआधीचं आहे, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि सोमवारपासून या म्हणाले.