काचेतला मामा

आमच्या बैठकीत काचेच्या टाकीत एक बोटभर मासा राहतो. आई मोठ्या आजारात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बाबांनी तो तिच्या माहेरच्या नदीतून आणला. म्हणून ते त्याला मेहुणे म्हणत. रोज विचारत, "मेहुण्यांना वाढलंस का?" आई न हसता सांगे, "तुमच्याआधी." त्या नात्याने तो माझा मामा. बाबा गेल्यावर आई त्याला आणखीच जपू लागली.

मी प्रयोगशाळेत गोड्या पाण्यातले मासे डीएनए बारकोडने ओळखते. दिसायला जुळ्या वाटणाऱ्या जातीही त्यात वेगळ्या कळतात. आईच्या माहेरची नदी कधीच आटली, आणि तिथल्या एकाही माशाचा नमुना आमच्याकडे नव्हता. घरात मामा असताना मी गप्प बसते थोडीच!

"कशाला गं त्याची चौकशी?" आई म्हणाली.

"शेपटीचा तीळभर तुकडा लागतो. पुन्हा वाढतो तो."

"राहू दे ना."

पण मी हट्टालाच पेटले. आईचं मन हळवं, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. शेवटी तिनेच ओल्या हातात मासा धरला आणि तोंड फिरवलं.

निकाल आला. मासा त्या नदीतला नव्हताच. शोभेचे मासे विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते, ती जात. बाबांचा मला असा राग आला की डबाही उघडला नाही. बसमध्ये आईसाठी थाप तयार केली, नमुना खराब झाला म्हणून.

आई टाकीची काच पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दुकानातला निघाला ना?"

"तुला कसं कळलं?" तयार केलेली थाप विसरून मी विचारलं.

"हे नदीवर निघाले, त्याच्या आदल्याच दिवशी तुझ्या खऱ्या मामाचा फोन आला होता, नदी आटली म्हणून. पण हे इतक्या हौसेने निघाले, मला सांगवेना. संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभे. आजारपणात मला वाईट वाटू नये म्हणून हसत होते. मग मीही हसले."

"मला तरी सांगायचंस."

"त्यांचं खोटं तुझ्यापुढे कसं उघडं पाडू?"

मला रडू आवरेना. बाबांवरचा राग कुठल्या कुठे गेला होता. आईने चिमूटभर खाद्य माझ्या हातावर ठेवलं.

"वाढ मामाला. आणि हळू बोल. मला आधीपासून माहीत होतं, हे तुझ्या बाबांना कळायला नको."