बिनफवारणीचा प्लॉट

कपाशीच्या पानाखाली तुडतुडे साचतात, तसे आमच्याकडे किस्से साचतात. वरून पान हिरवंगार. उलटं केलं की कळतं! अकोल्याजवळच्या एका कापूस संशोधन केंद्रावर मी पंचवीस वर्षं पानंच उलटी करतो आहे.

काम साधं. कोणत्या जातीला रस शोषणाऱ्या किडी कमी लागतात, ते पाहायचं. म्हणून या प्लॉटवर औषध मारायचंच नाही. उलट मध्ये एक नाजूक जात लावायची, किडींना आमंत्रण म्हणून. मग सकाळी, ऊन चढायच्या आत, झाडाची तीन पानं अलगद उलटून मोजायचं. मोजतात आमच्या रोजंदारीवरच्या देवकाबाई.

यंदा माझा सगळा जीव अकरा नंबरच्या जातीत अडकलेला. पानावर दाट लव, तुडतुड्याला सोंड खुपसणं कठीण. आठ वर्षांची मेहनत! या हंगामाचे आकडे चांगले आले तरच ती पुढे जाणार, नाहीतर कपाटात.

*

एक नवे अधिकारी मोजणीला दुपारी एक वाजता गेले. झाड गदागदा हलवायचे आणि मग पान पाहायचे. तुडतुडे काय त्यांची वाट पाहत बसणार? सगळ्या रकान्यांत शून्य! वर मलाच म्हणतात, "अभिनंदन! सगळ्याच जाती प्रतिकारक निघाल्या!"

मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला. मला मेमो मिळाला.

*

जठारपेठेतले माझे साडू वकील आहेत. "म्हणजे सरकारी पगारात तुम्ही किडी पाळता?"

"हो, तुम्ही भांडणं पाळता तशा!"

*

अकोटच्या एका शेतकऱ्याला अकरा नंबरचं बी चाचणीला दिलं. फवारू नका, असं तीनदा बजावलं. महिन्याने गेलो तर शेतात औषधाचा भपकारा!

"अहो, काहून फवारलं?"

"दुकानदार म्हने, पानाले केस आले, रोग हाय!"

ज्या लवेसाठी इतकी वर्षं घासली, तिच्यावरच औषध!

*

आणि हा यंदाचा. पुण्याहून मोठे साहेब प्लॉट पाहायला येणार होते. आदल्या दिवशी मी अमरावतीला मीटिंगला गेलेलो. इकडे केंद्रप्रमुखांना नाजूक जातीचा लालसर, आकसलेला पाला पाहून लाज वाटली. पाहुण्यांना हे दाखवायचं? त्यांनी लाल पानं खुडायला लावली आणि संध्याकाळी पंप काढून अख्खा प्लॉट फवारून घेतला!

सकाळी देवकाबाई बांधावरच उभ्या. "भाऊ, मोजाले काईच रायलं नाई."

अकरा नंबरचा हंगाम गेला. मी मोजणीची वही बांधावर आपटली. केंद्रप्रमुख म्हणाले, "चिडता काय? मागच्या वर्षीचे आकडे थोडे फिरवून लिहा!"

"तुम्ही लिहा, सही पण तुमचीच करा," मी म्हणालो.

तेवढ्यात गाडी आली. मोठे साहेब नेमके नाजूक जातीच्या ओळीत शिरले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"वा! एकही कीड नाही! हीच ना तुमची ती अकरा नंबर?"

"हो सर!" केंद्रप्रमुख म्हणाले.

देवकाबाईंनी त्याच झाडाचं पान तोडून साहेबांपुढे धरलं. "हुंगून पाहा ना, सायेब."

साहेबांनी हुंगलं. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि पान केंद्रप्रमुखांच्या हातात दिलं.

"घ्या, आता तुम्ही."