पांढऱ्या रोपांच्या बाई

पोटरीतला गहू दिसला, की आमच्या बाईंचा हात आवरत नसे. भारी साडी नेसून लग्नाला निघालेल्या असोत, बांधावरून उतरून पानाच्या पोटात दडलेली ओंबी चिमटीत दाबून बघणारच. माहेर खुटबावचं, शिकवायच्या शिरूरच्या कॉलेजात. वढूच्या वाटेवर एक आप्पा अंगावर धावून आले, "ओ बाई, पोटातलं कशाला मोडताय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, ओंबी भाईर आली की परागकण शहाणा व्हतो. मग न्हाई ऐकत."

ऐकायचं म्हणजे काय, तर ओंब्या फ्रिजमध्ये गारठवायच्या, आतले परागकोश काढून काचेच्या बशीत साखरेच्या खाद्यावर ठेवायचे. या छळात एखादा परागकण आपलं काम विसरतो आणि स्वतःच गर्भ होऊन वाढू लागतो. "आईवाचूनचं पोर," बाई म्हणायच्या.

भावाच्या रानातला गहू तांबेऱ्याच्या रोगानं दरसाल खंगायचा. त्याला दाद न देणारं बियाणं बाईंना करायचं होतं आणि त्यासाठी एक तरी हिरवं रोप हवं होतं. उगवायची ती मात्र पांढरी. पांढऱ्याला ऊन पचत नाही. काचेत साखर आहे तोवर जगतं, मातीत लावलं की मरतं. मी प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली होते. एकदा तशी रोपं टाकायला निघाले, तर बाई कडाडल्या, "ठिव खाली! आलंय न्हवं घरी? त्याचा काय दोष?" निवृत्तीनंतरही त्या कॉलेजात येऊन रोपांचं खाद्य बदलायच्या. आम्ही हसायचो, आणि रोपांच्या बाटल्या धुवायचो.

मग बाईच आजारी पडल्या. दौंडच्या दवाखान्यात गेले, तर त्यांचे भाऊ दारातच म्हणाले, "डॉक्टर म्हनत्यात, आता कायबी हातात न्हाई." आत सलाईन चालू होतं. बाईंनी पहिलं तेच विचारलं.

"हिरवं आलं का गं?"

हो म्हणायचं ठरवून गेले होते.

"न्हाई बाई. एकच आलंय, तेबी पांढरं."

त्यांनी डोळे मिटले. रागावल्या असत्या तरी चाललं असतं.

"मग साखर बदल त्याची. उपाशी ठिवू नगंस."

त्याच आठवड्यात बाई गेल्या. आता कॉलेजला बाईंची प्रयोगाची खोली रिकामी हवी आहे. बाकीच्या रिकाम्या बाटल्या मी देऊन टाकल्या, त्या पांढऱ्या रोपाची ही एक घरी आणून फडताळात ठेवली आहे. मातीत लावता येत नाही, फेकवत नाही. साखर तेवढी बदलते.