आत्याचं प्रथिन कडेला पोचलं

माझी आत्या हसायला लागली की तिला आवरणं कुणाच्या बापाला जमत नाही. शाळेत असताना ती याच पायी वर्गाबाहेर उभी असायची. आता ती पेशींवर संशोधन करते आणि मीटिंगमध्ये हसू फुटलं की पाणी प्यायच्या निमित्ताने उठते.

मधे मात्र तिचा चेहरा अगदी एवढासा झाला होता. पेशी प्रथिनं बनवते, त्यांची नीट घडी घालते, मग इवल्याशा पिशव्यांत भरून हवी तिथे रवाना करते. आत्याच्या प्रथिनाला पेशीच्या कडेला जायचं होतं. पण एका आजाराच्या रुग्णांत त्यात जन्मतःच एक खोट असते, त्यामुळे घडी चुकायची. त्याला हिरवं चमकणारं शेपूट जोडून आत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. दिसायचा नुसता अंधार.

"अहो, ते बनतच नसेल," तिच्या साहेबीण बाई म्हणाल्या. "विषय बदला."

"बनतंय हो! पेशीच त्याचा फडशा पाडतेय."

तिने ते दाखवूनही दिलं. पेशी प्रत्येक घडी तपासते, बिघडलेल्या प्रथिनावर खूण चिकटवते आणि तुकडे करणाऱ्या यंत्रणेत ढकलते. आत्याने औषध घालून ती यंत्रणाच बंद पाडली, तशी पेशी आतून हिरवीगार उजळली. पण कडेला काही नाही. सगळा माल आतच तुंबलेला!

अशात एका सोमवारी पेशी उबेत ठेवायची पेटी गार पडलेली सापडली. आतोबा फ्रिज दुरुस्त करतात. आत्याने त्यांनाच फोन लावला. "अहो, हत्यारं घेऊन या. माझ्या पेशी गेल्या बहुतेक!"

आतोबा आले, पेटीमागे उकिडवे बसून स्क्रू काढू लागले. फेकण्याआधी एकदा बघावं म्हणून आत्याने पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि अशी किंचाळली की आतोबांच्या हातून स्क्रूड्रायव्हर निसटला.

"हात लावू नका!"

"का? करंट येतोय?"

"दुरुस्त करू नका! अजिबात करू नका!"

"मग मला बोलावलंस कशाला?"

"बघा ना आधी!"

आतोबांनी डोळा लावला. "माझ्याच पापण्या दिसताहेत."

"जरा मागे सरका!"

ते सरकले तर काय, प्रत्येक पेशीला हिरवीगार किनार! गारव्यात पेशीची घाई मंदावली होती, प्रथिनाला नीट घडी पडायला उसंत मिळाली होती आणि ते तपासणीतून सुटून थेट कडेला पोचलं होतं. आत्याने आतोबांचे दोन्ही हात धरून अशी गिरकी घेतली की स्टूल आडवं झालं. मग तिने हिशेबनिसांना ओढून आणलं, वॉचमनला आणलं, शेवटी बाईंना.

बाईंनी दोनदा पाहिलं. "योगायोग असेल. परत करून दाखवा."

या वेळी आत्याने एक बशी मुद्दाम गार ठेवली, दुसरी उबेत. उबेतली काळी, गारव्यातली हिरव्या किनारीची. पुन्हा केलं, पुन्हा तेच! बाईंनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा चष्माच उडाला.

"पण रुग्णाला काही गार पेटीत ठेवता येत नाही," बाई म्हणाल्या.

"मग तेवढी उसंत देणारं औषध शोधू की!"

आता तेच चाललंय. आजवरची औषधं सगळी फुसकी निघाली. तरी आत्या सकाळी प्रयोगशाळेचे जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते आणि आतोबा खालून ओरडतात, "अगं, डबा राहिला!"