वाचली का ती बाई?

आज वडवणीच्या बाजारात मेथी घेताना विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू ती अंगठे घेणारी पोरगी न्हाई का?"

कॉलेजातले दिवस झर्रकन आठवले! परदेशात एका बाईला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा झाली होती. जगभर निषेध चालला होता, म्हणून आम्ही मैत्रिणीही याच बाजारात निवेदनावर सह्या घेत फिरलो. काय आवेश होता! मावशींनी ओला हात लुगड्याला पुसून निळ्या शाईचा अंगठा उठवला होता.

"वाचली का गं ती बाई?" मावशींनी विचारलं.

मला माहीतच नव्हतं. निवेदन पाठवलं, परीक्षा आल्या, मी विसरले. मावशी विसरल्या नाहीत.

तेव्हा सह्या केलेलं इथे कुणी आहे का? वाचली का हो ती?